मिलमागचा ढीग

गावात इंग्रजी येणारा मी एकटाच होतो आणि त्याचा मला माज होता. हे आधीच कबूल करून टाकतो. आपल्याला एखादी गोष्ट येते आणि आजूबाजूच्या कुणालाच ती येत नाही, असं झालं की त्यात खोट काढणारंही कुणी उरत नाही. शाळेत आठवी ते दहावीला मी इंग्रजी शिकवायचो. बँकेतून आलेला कागद, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, कुणाच्या पोराला आलेलं नोकरीचं पत्र, सगळं माझ्या ओट्यावर यायचं. मी चष्मा लावून, घसा खाकरून, गरजेपेक्षा जास्त वेळ घेऊन ते वाचायचो. लोक तोवर उभे राहायचे. मला ते आवडायचं.

आमचं गाव सावली या तालुक्याच्या गावापासून फार लांब नाही. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, एका अंगाला तलाव, मागे जंगल आणि गावाच्या तोंडाशी राइस मिल. मिलच्या मागच्या भिंतीतून एक जाडजूड पाइप बाहेर आलेला होता आणि त्यातून दिवसभर कोंडा उडत असायचा. धान भरडलं की वरचं टरफल निघतं, तोच हा कोंडा. हंगामात त्याचा ढीग मिलच्या पत्र्यांपर्यंत चढायचा. वारा सुटला की शाळेच्या फळ्यावरसुद्धा त्याची पिवळी धूळ बसायची.

ढिगाला मालक नव्हता असं नाही. मालक मिलवाले शेठ होते. पण कोंडा न्यायला कुणाला विचारायची पद्धत नव्हती. बोरा घ्यायचा, मिलच्या मागून जायचं, भरायचा आणि डोक्यावर घेऊन यायचं. कोंड्याचे पैसे घेणं म्हणजे विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईकडून पैसे घेण्यातला प्रकार. शेठच्या वडिलांनी कधी घेतले नाहीत, शेठनीही घेतले नाहीत. उलट हंगामातलं पहिलं धान भरडलं की शेठ स्वतः मागे यायचे आणि पहिलं टोपलं गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर चढवून द्यायचे. मगच इतरांचे हात ढिगाला लागायचे. गावातल्या निम्म्या चुली त्या कोंड्यावर पेटत. राख धानाच्या पऱ्ह्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात जायची, उरलेली भांडी घासायला. कुंभार न्यायचा, वीटभट्टीवाले बैलबंडी भरून न्यायचे. उन्हाळा संपेपर्यंत ढीग जमिनीला लागलेला असायचा.

माझ्या घराला लागून ढिवरांची घरं होती. पहिलंच घर मामीचं. सारा मोहल्ला तिला मामी म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो. तिचा नवरा तलावात मासे धरायचा, पण गुडघे गेल्यापासून तो पाण्यात उतरत नव्हता. घर चालायचं मामीच्या मुरमुऱ्याच्या भट्टीवर.

भट्टी मातीची होती. समोर वाळूने भरलेली कढई, मागच्या अंगाला एक तिरकं भोक. त्या भोकातून डाव्या हाताने मूठमूठ कोंडा सोडत राहायचं आणि उजव्या हातातल्या काड्यांच्या झाडणीने कढईतला तांदूळ फिरवत राहायचं. लाकडाची आग आपल्या मनाने भडकते आणि आपल्या मनाने बसते. कोंड्याची आग मुठीच्या हुकुमात असते. एक मूठ जास्त पडली की मुरमुरा लाल होतो, एक कमी पडली की फुलत नाही, दाताखाली कच लागतो. मामीचा मुरमुरा पांढराशुभ्र असायचा. आठवडी बाजारात दुपारपर्यंत तिचं पोतं रिकामं होई. हिवाळ्यात वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरायला लागल्या की तिला उसंत नसायची. नाटक कुठलंही असो, लोक मुरमुरे मामीचेच खायचे.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली असतील. एका सकाळी शाळेपुढे जीप थांबली आणि मुंबईहून आलेली एक सल्लागार बाई माझी चौकशी करत आत आली. तिने मला दुभाष्या व्हाल का, असं विचारलं. कशासाठी ते तिने तासभर समजावलं आणि मी मान डोलावत राहिलो. जगातल्या देशांनी एकत्र बसून ठरवलं होतं की धूर कमी करायचा, नाहीतर पृथ्वी अशीच तापत जाणार. श्रीमंत देशांना आपल्या घरचा धूर कमी करणं जड जात होतं. मग त्यातून वाट काढली होती. त्यांनी आमच्यासारख्यांच्या इथे धूर कमी करायला पैसा लावायचा आणि इथे जेवढा धूर वाचेल तेवढा आपल्या नावावर मांडून घ्यायचा. म्हणजे उपास आम्ही करायचा आणि पुण्य त्यांना. हे मी आज म्हणतो. तेव्हा मला ते फार थोर वाटलं होतं. आमच्या तालुक्यात कोंडा जाळून वीज करणारा कारखाना येणार होता. तेवढा कोळसा जळायचा वाचेल आणि ढीगही सडणार नाहीत. अट एकच होती, हा कोंडा वाया जातो हे दिसायला हवं. शिवाय आसपासच्या लोकांना विचारायला हवं, तसा नियमच होता.

सगळे देश मिळून आमच्या गावाला काहीतरी विचारणार आणि ते माझ्या तोंडून विचारणार! मी घरी गेलो आणि लग्नातला कोट उन्हात टाकला.

सभा शाळेच्या पटांगणात भर दुपारी झाली. मंडपवाला वडशाचा होता, त्याचं निम्मं सामान नाटकांचं. मागे लावायला त्याच्याकडे राजवाड्याचा पडदा तेवढा होता, खांब आणि कारंजी रंगवलेला. त्याच्यापुढे पैसा लावणाऱ्यांकडून आलेले परदेशी पाहुणे बसले, एकटेच. उंच, तांबूस, अतिशय सभ्य माणूस. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता तरी चेहऱ्यावरचं हसू ढळलं नाही. शेजारी कोटात मी. पोरं आम्हाला पाहून फिदीफिदी हसत होती, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. पुढ्यातल्या टेबलावर बशीत मुरमुरे होते, अर्थातच मामीचे. पाहुण्यांनी दोन-तीनदा बकाणा भरला आणि छान आहेत असं खुणेने सांगितलं. मामी पुढच्याच रांगेत होती. ती खूश झाली.

आधी वीज, रस्ता, नोकऱ्या असं बरंच बोलणं झालं. मग पाहुण्यांनी वही उघडली आणि विचारलं, कोंड्यासाठी तुम्ही किती पैसे देता? मी ते मराठीत सांगितलं. क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागे कुणीतरी खुदकन हसलं. मामी उठून उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "कोंड्याचे कोनी पैसे घेते का जी? आमच्या गावात असं होत नाई. तो पडला रायते तिथी. ज्याले लागते तो नेते."

"कितीबी न्या म्हना सायबाले," मागून कुणीतरी ओरडलं आणि सारी सभा हसली.

ती फुशारकी होती. आमच्या गावाला फुशारकी मारावी असं फार काही नव्हतं, पण कोंड्याला आम्ही पैसे लावत नाही हे होतं. मामीने ते पाहुण्यासमोर ताठ मानेने सांगितलं. मी त्याचं इंग्रजी केलं. कोंड्याला कुणी पैसे देत नाही, तो पडून असतो, हवा त्याने न्यावा. एकही शब्द मी चुकवला नाही. पाहुण्यांनी पुढे विचारलं, म्हणजे भरपूर उरतो का? मिलवाले शेठ म्हणाले, "उरते ना सायेब, ढीगच्या ढीग पडला रायते." सगळ्यांनी माना हलवल्या. घरी आलेल्याला कमी आहे म्हणून सांगायचं नाही, ही आमच्याकडची खोडच आहे. हंडीत भात नसला तरी पाहुण्याला जेवून जा म्हणतात, मग कोंड्याचं काय घेऊन बसलात? पाहुणे खाली मान घालून लिहीत होते.

मी तेव्हा सांगू शकलो असतो. साहेब, तुम्ही खाल्लेले मुरमुरे याच कोंड्यावर भाजलेत. ही बाई रोज दोन बोरे नेते. ढीग आज दिसतोय, उन्हाळा संपताना या आणि बघा. चार वाक्यांचं काम होतं आणि चारही वाक्यं मला येत होती. मी बोललो नाही. दुभाष्याने आपल्या मनाचं घालायचं नाही, असं सल्लागार बाईने बजावलं होतं, ही एक सबब. खरं कारण असं की पाहुण्यांनी तोवर दोनदा माझ्या इंग्रजीला 'एक्सलंट' म्हटलं होतं आणि मला ते तिसऱ्यांदा ऐकायचं होतं.

सभा संपल्यावर सल्लागार बाईने इंग्रजीत लिहिलेला वृत्तांत पुढे केला. बोलणाऱ्यांनी आपापल्या नावापुढे सही किंवा अंगठा करायचा होता. मामीने अंगठा उमटवला आणि मला विचारलं, "काय लिवलं जी गुर्जी?"

"तू म्हटलं तेच, मामी," मी म्हणालो.

कारखाना वर्ष-दीड वर्षात उभा राहिला. उद्घाटनाला हिरवे झेंडे लावले होते. पुढच्या हंगामात पहिलं धान भरडलं गेलं, पण शेठ टोपलं घेऊन मागे आले नाहीत. मागे तारेचं कुंपण लागलं होतं आणि पाइपखाली कारखान्याचा ट्रक उभा होता. बाया बोरे घेऊन कुंपणाशी उभ्या राहिल्या, थोड्या वेळाने परत गेल्या. संध्याकाळी शेठ माझ्या ओट्यावर येऊन बसले. तोंड पार उतरलेलं. "करारात लिवलं हाये गुर्जी, एक बोराबी बाहेर जाऊ द्याचा नाई. मले का आवडून राह्यलं हे?" असं म्हणाले. चहा घेतला, निम्मा कपात ठेवला आणि गेले. त्यांना मी काय बोलणार? त्यांनी निदान सही स्वतःच्या फायद्यासाठी केली होती.

मामीने भट्टीत शेणी घालून पाहिल्या, तुराट्या घालून पाहिल्या, शेवटी लाकडं. लाकडाच्या आगीवर तिचा हात काही बसला नाही. आयुष्यभर डावी मूठ चालवलेली बाई, लाकूड आत सारायचं का ओढायचं यातच तिचा तांदूळ करपायचा. मुरमुरे एका अंगाने लाल, एका अंगाने कच्चे निघू लागले. बाजारात गिऱ्हाईक हातात घेऊन बघायचं आणि पुढे जायचं. "मामी, म्हातारी झाली तू आता," असं कुणीतरी चेष्टेत म्हणालं, तर तिने भर बाजारात त्याची खरडपट्टी काढली आणि घरी येऊन रडली. भिंतीपलीकडून मला ते ऐकू आलं.

आणि लाकडं कुठून येणार? जंगलातून. एकटी मामी नव्हे, कोंड्यावर चूल पेटवणाऱ्या साऱ्याच बाया सकाळी कुऱ्हाडी घेऊन निघायला लागल्या. आधी वाळकी फांदी, ती संपली की हाताला येईल ते कोवळं झाड. दोन वर्षांत गावामागची पायवाट बंडी जाईल एवढी रुंद झाली. जगभरच्या शहाण्यांनी पृथ्वी वाचवायची युक्ती काढली आणि ती आमच्या जंगलात कुऱ्हाड घेऊन शिरली. इकडे जिल्ह्यात कोळशाच्या खाणी खोल जातच होत्या, गडचांदूरकडे सिमेंट कारखान्यांच्या चिमण्या धूर सोडतच होत्या. साऱ्या जगाला कमी करायला सापडली ती मामीची भट्टी.

एका दुपारी निरोप आला, मामीला जंगलाच्या नाक्यावर बसवून ठेवलंय. मी सायकल काढली. ती नाक्याच्या पायरीवर बसली होती, कुऱ्हाड आणि मोळी आत जप्त. वनरक्षक माझ्याच शाळेत शिकलेला. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अगदी आदराने म्हणाला, "गुर्जी, झाडं वाचवा म्हनून तुमीच तं शिकवलं आमाले." मी तो धडा शिकवला होता. पाठ करून घेतला होता. त्याने मामीला ताकीद देऊन सोडलं, कुऱ्हाड ठेवून घेतली. परतताना मी सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालत आलो. ती कुऱ्हाडीबद्दल बोलत राहिली, सासऱ्याने केलेली होती, दांडा पळसाचा नव्हता, चांगल्या तिवसाचा होता. मी नुसतं हूं हूं करत होतो.

त्या आठवड्यात मी सल्लागार बाईला पत्र लिहिलं. इंग्रजीत, चार पानी. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं इंग्रजी त्या पत्रात असेल. उत्तर आलं की कारखान्याची तपासणी व्हायची आहे, तपासनीस येतील, तुमचं म्हणणं त्यांच्यापुढे मांडा.

मामी ठेवणीतलं लुगडं नेसून आली. कारखान्याच्या ऑफिसात आम्हाला गार खोलीत बसवलं. तपासनीस आपल्याच देशातला होता, पण मराठी येत नव्हती आणि हिंदीत बोलायची त्याची तयारी दिसली नाही. मामी बोलली. कोंडा कसा आणायची, भट्टी कशी चालायची, आता काय होतं, नाक्यावर काय झालं, सगळं. मी सगळं सांगितलं, तिने न सांगितलेलंही सांगितलं. त्या दिवशी मी नियम पाळला नाही. तपासनीसाने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग त्याने फाइल उघडली, एक पान काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. मामीचं वाक्य होतं, मीच केलेलं इंग्रजी, आणि पुढे तिचा निळा अंगठा. हे यांचंच म्हणणं का, असं त्याने विचारलं. ते मला तिला विचारावं लागलं.

"हो जी, मीच म्हनली होती," मामी म्हणाली.

मग ते खोटं होतं का, असा त्याचा प्रश्न.

"खोटं काऊन बोलन मी?" तिला रागच आला. "तवा कोनी पैसे घेत नोहते, तं घेत नाई म्हनली. जे होतं ते सांगतली."

मी तिला टेबलाखालून खुणावत होतो. म्हण, गोंधळ झाला. म्हण, कळलं नाही. तिला ते दिसलं आणि समजलंही, पण आपला शब्द फिरवायला ती तयार नव्हती. तपासनीसाने कागदावर एक खूण केली. मग मला समजावून सांगितलं, फार शांतपणे. विकत घेणाऱ्याचा माल गेला असता तर त्याचं नुकसान धरता आलं असतं. यांनी कधी विकत घेतला नाही, म्हणून तो यांचा नव्हताच. जे यांचं नव्हतं ते गेलं असं लिहिता येत नाही. शेवटी म्हणाला, बाईंना गॅसची शेगडी घ्यायला सांगा. हे मी तिला सांगितलं नाही. मला शरम वाटली आणि इतका राग आला होता की तोंड उघडलं असतं तर शिवीच निघाली असती.

पावसाळ्याच्या तोंडाशी मामीने भट्टी बंद केली. साठीला टेकलेली बाई दुसऱ्याच्या बांधीत चिखलात वाकून रोवणा, म्हणजे धानाची लावणी करायला जाणार होती. मी गेलो तेव्हा ती भट्टीचं मागचं भोक मातीने लिंपत होती. कोंबड्या आत शिरतात म्हणाली. मी ओसरीवर बसलो आणि तिने विचारलं म्हणून पुन्हा एकदा सगळं समजावलं. पृथ्वी का तापते, देश एकत्र का बसले, त्यांनी काय ठरवलं. तिने हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं.

"किती देश होते म्हनता जी?"

"सारेच, मामी. जगातले सारे."

"अन् एवढ्या देशांत आपल्या गावचा एक मानूस नोहता का? एकबी? आपला कोनी असता तं त्यानं सांगतलं असतं ना जी, का बाप्पा, कोंड्यावर आमची भट्टी चालते म्हनून."

"होता, मामी," मी म्हणालो. "मी होतो ना."

तिने मातीचे हात थांबवले आणि माझ्याकडे पाहिलं. टोमणा मारायचा तिचा स्वभाव नव्हता. माझी समजूत काढावी तशी म्हणाली, "तुमी तं नुसतं इकडलं तिकडं सांगून राह्यले होते जी गुर्जी. मी मानसाचं पुसून राह्यली."